होडीचं नाव: तीनदा ओरडता आलं पाहिजे

तुमच्या छोट्या शिडाच्या होडीला आयरिश नाव शोधताय, त्यात सुचवलेलं फिनूला हे नाव कानाला गोड आहे, पण त्यामागची आयरिश दंतकथा वाचून मगच ठरवा. सावत्र आईच्या शापाने लीरची मुलं, म्हणजे फिनूला आणि तिचे भाऊ, हंस होतात आणि ९०० वर्षं तशीच राहतात. त्यातली ३०० तर आयर्लंड-स्कॉटलंडमधल्या मॉइलच्या समुद्रात, थंडीवाऱ्यात कुडकुडत. शिडाच्या होडीवर हे रंगवायला माझा तरी हात धजणार नाही!

कुणीतरी सुचवलेलं 'सीर्शा' (Saoirse), म्हणजे आयरिशमध्ये स्वातंत्र्य, त्यापेक्षा बरं. आयरिश दर्यावर्दी कॉनर ओब्रायन याच नावाच्या ४२ फुटी होडीतून १९२३ ते १९२५ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. अडचण स्पेलिंगची. सात अक्षरं, त्यात चार स्वर. व्हीएचएफवर, म्हणजे होडीवरच्या रेडिओवर, मदत मागताना होडीचं नाव तीनदा सांगायचं असतं. समोरच्याला ते कळेपर्यंत पाणी गुडघ्याला लागायचं.

मला विचाराल तर 'रोन' (Rón). आयरिशमध्ये रोन म्हणजे सील. छोटं, ऐकलं तसं लिहिता येणारं, आणि १५-१६ फुटी होडीला शोभणारं. फक्त रंगवणाऱ्याला ओ वरची तिरकी रेघ विसरू देऊ नका.