शेंगदाण्याचे ‘दूध’ म्हणावे, ‘रस’ म्हणावे की ‘चीक’?

मूळ प्रश्न (भुसावळ)

नमस्कार. माझ्या धाकट्या मुलाला, वय वर्षे नऊ, गाईम्हशीचे दूध पचत नाही, म्हणून गेल्या उन्हाळ्यापासून मी घरीच शेंगदाण्यांचे आणि अधूनमधून बदामांचे दूध काढते. आमच्या बचत गटातील मैत्रिणींनी त्याची कृती मराठीत लिहून मागितली आणि लिहायला बसल्यावर मी शीर्षकापाशीच अडले. मी ‘दूध’ लिहिले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, की जनावर नाही, धार नाही, मग त्याला दूध कशाला म्हणायचे, दाण्याचा रस म्हण. एका मैत्रिणीने ‘वनस्पतिजन्य पेय’ सुचवले, दुसरीचे म्हणणे ‘नट मिल्क’ हेच राहू दे, सगळ्यांना कळते. तिन्ही नावे लिहून पाहिली, पण एकही मनाला पटले नाही. योग्य शब्द कोणता, आणि ‘नट’ला मराठीत काय म्हणावे?

प्रतिसाद (जळगाव)

ताई, आपण आधी लिहिलेला शब्दच बरोबर आहे आणि तो खोडू नये असे मला मनापासून वाटते.

सासूबाईंच्या आक्षेपात तथ्य आहे, हे आधी मान्य करतो. ‘दूध’ हा शब्द संस्कृत ‘दुग्ध’वरून आला आणि ‘दुग्ध’ म्हणजे ‘दुह्’ धातूपासून झालेले ‘दोहून काढलेले’. व्युत्पत्तीने पाहिले तर धार आलीच. परंतु मराठी शेतकऱ्याने हा शब्द गोठ्यात बांधून ठेवलेला नाही. ज्वारीचे कणीस कोवळे असताना त्यातला दाणा नखाने दाबला की पांढरा थेंब बाहेर येतो, आणि बांधावर उभा असलेला कोणीही म्हणतो, की दाण्यात दूध भरले. पीकसल्ल्याच्या पत्रकांतही ‘दुधाळ अवस्था’ आणि तिच्यानंतरची ‘चिकाळ अवस्था’ हे शब्द नेहमी भेटतात. संस्कृतातला ‘क्षीर’ हा शब्दही असाच मोकळा आहे: त्याच्यावरून ‘खीर’ आली आणि त्याच्यावरूनच वड, उंबर, पिंपळ यांना ‘क्षीरवृक्ष’ म्हटले गेले. नारळाचे दूध तर घरोघरी माहीत आहे. तेव्हा दाण्याला दूध असते ही कल्पना बाहेरून आलेली नाही. फक्त वाळलेल्या दाण्यातून ते पाण्याच्या मदतीने काढण्याची सवय आपल्या घरांना अलीकडे लागली आहे.

आता ‘रस’ का नको, ते पाहू. खान्देशात रस म्हटले की आखाजीचा आमरस डोळ्यांपुढे येतो, शेजारी खापरावरची पुरणपोळी. उरलेल्या उन्हाळ्यात रस म्हणजे रसवंतीवरचा उसाचा. कोकणात नारळाच्या दुधालाही रस म्हणतात, त्यातल्या पहिल्या दाट पिळणीला ‘अंगरस’ असा सुंदर शब्द आहे आणि तिकडे तो शोभतोही, कारण ओल्या खोबऱ्यात मुळात ओल असते. रस हा ज्याच्यात आधीपासून ओल आहे त्याचा निघतो. वाळलेल्या शेंगदाण्यात ती नसते, पाणी आपण घालतो. ‘अर्क’ म्हटले तर भट्टीवर काढलेले किंवा आटवून दाट केलेले काहीतरी वाटते. ‘वनस्पतिजन्य पेय’ चुकीचे नाही, पण त्यात चहासुद्धा बसतो, आणि ज्या नावावरून पातेल्यात काय आहे ते कळत नाही ते नाव स्वयंपाकघरात टिकत नाही.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. नुसते ‘दूध’ हा शब्द गाईम्हशीच्या आणि शेळीच्या दुधासाठीच राहू द्यावा, आणि आपल्या दुधापुढे षष्ठीचे विशेषण प्रत्येक वेळी लावावे: शेंगदाण्याचे दूध, बदामाचे दूध, काजूचे दूध. हा केवळ व्याकरणाचा काटेकोरपणा नाही. गाईच्या शंभर ग्रॅम दुधात साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, घरी काढलेल्या दाण्याच्या दुधात ते फारच थोडे उतरते. एक वर्षाच्या आतील बाळाला आईच्या दुधाऐवजी हे कधीही देऊ नये. आपल्या कृतीवर नुसते ‘घरगुती ताजे दूध’ असे लिहिले आणि एखाद्या घरात ते बाळाच्या वाटीत गेले, तर एका गाळलेल्या विशेषणाची किंमत फार मोठी होईल.

‘नट’ला एकच मराठी शब्द नाही आणि त्यात मला उणीव वाटत नाही. ‘सुकामेवा’त मनुका आणि खारीकही येतात, त्यांचे असे दूध निघत नाही. ‘कवचफळ’ पाठ्यपुस्तकापुरता ठीक आहे, पण शेंगदाणा त्यात शास्त्राने बसत नाही, कारण तो हरभरा आणि मुगाच्या कुळातला, शेंगवर्गीय. आपल्या पूर्वजांनी त्याला ‘भुईमूग’ म्हटले, म्हणजे ते नाते त्यांनी नावातच सांगून ठेवले. ज्याचे दूध त्याचे नाव, एवढे पुरे. स्वयंपाकघरात नुसते ‘दाणे’ म्हटले तरी शेंगदाणेच समजतात, दाण्याचे कूट म्हणतो तसे. पण शेतात दाणा म्हणजे ज्वारीबाजरीही, म्हणून शीर्षकात ‘शेंगदाण्याचे’ असे पूर्ण लिहावे.

प्रतिसाद (धुळे)

वरील विवेचन पटले. अहिराणीतली एक गंमत येथे नोंदवून ठेवतो, कारण ती नेमकी याच शब्दांभोवती आहे. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो: डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया. त्यामुळे ‘गाळणे’चे ‘गायनं’ होते आणि ‘गाळलेले’चे ‘गायेल’. दुसरीकडे षष्ठीचा प्रत्यय ना, नी, नं असा असल्याने ‘गाईचे’ म्हणायलाही ‘गायनं’च. माझ्या आईने बदामाच्या दुधाची वाटी पाहुण्यांपुढे ठेवताना जे वाक्य म्हटले ते मला विसरता येत नाही: “ते गायनं नही, गायेल शे.” गाईचे नाही, गाळलेले आहे. दोन दुधांतला फरक इतक्या कमी अक्षरांत प्रमाण मराठीत सांगता येणार नाही.

मूळ प्रश्नकर्ती (भुसावळ)

दोन्ही उत्तरांबद्दल आभार. सासूबाईंना वाचून दाखवले. ज्वारीच्या दाण्यातले दूध त्यांनी मान्य केले, पण लगेच नवा प्रश्न काढला, आणि तो मला बिनतोड वाटतो. कुरडईसाठी गहू भिजवतो, वाटतो, पिळतो, पांढरे पाणी निघते, त्याला आपण ‘गव्हाचा चीक’ म्हणतो, दूध म्हणत नाही. शेंगदाण्यांचे आपण अगदी तेच करतो. मग ‘दाण्याचा चीक’ का नाही?

प्रतिसाद (जळगाव)

ताई, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. या चर्चेतला सर्वांत मोलाचा प्रश्न त्यांनी विचारला आहे, आणि त्याचे उत्तर कोशात शोधण्याआधी पातेल्यात पाहावे असे मला वाटले, म्हणून परवा घरी दोन्ही पांढरी पाणी शेजारी शेजारी ठेवली. एका काचेच्या पेल्यात तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून पिळलेल्या गव्हाचे. दुसऱ्यात रात्रभर भिजवलेल्या शेंगदाण्यांचे. पहिल्या तासाभरात दोन्हीत फरक सांगता येत नव्हता.

सकाळी गव्हाच्या पेल्यात तळाशी पांढराशुभ्र घट्ट थर बसला होता, इतका घट्ट की पेला तिरका केला तरी हलेना, आणि वर पिवळसर निवळ पाणी आले होते. ते पाणी आपण ओतून देतो आणि खालचा थर ठेवतो, तोच चीक. चुलीवर ठेवला की तो दाटत जातो, पळीला धरतो, चकाकतो, आणि मग त्याच्या कुरडया घालता येतात. शेंगदाण्याच्या पेल्यात उलटे झाले होते: तळाशी थोडा साका होता, पण दाट भाग सायीसारखा वर आला होता, आणि चमच्याने ढवळताच सगळे पुन्हा एकजीव झाले. तापवल्यावर ते वाहतेच राहिले, फक्त वर पातळ पापुद्रा धरला.

कारण सोपे आहे. गव्हातून पिळून निघते ते मुख्यतः पिष्ट, आणि पिष्ट पाण्यात विरघळत नाही, खाली बसते. शेंगदाण्यात वजनाने जवळजवळ निम्मे तेल असते, त्याच्याबरोबर पंचवीस टक्क्यांच्या आसपास प्रथिने. वाटताना तेलाचे सूक्ष्म थेंब होतात आणि प्रथिने त्यांना पाण्यात धरून ठेवतात. गाईच्या दुधाचा पांढरेपणाही अशाच स्निग्ध थेंबांचा आणि प्रथिनांचा. म्हणजे आपल्या आज्यांनी पदार्थाचा स्वभाव पाहून शब्द वाटून दिले होते: जे खाली बसते, पाणी टाकून ठेवले जाते आणि शिजवल्यावर चिकटते ते चीक, जे पाण्यासकट प्यायले जाते आणि पातळच राहते ते दूध. रुईचा चीक चिकटतो, व्यालेल्या गाईचा पहिला चीक तापवला की थिजून त्याचा खरवस होतो, आणि दाणा दुधाळ अवस्थेतून चिकाळ अवस्थेत जातो तोही दाटतच. सगळीकडे एकच सूत्र आहे. शेंगदाण्याच्या पाण्यात ते नाही, म्हणून तो चीक नव्हे.

या निमित्ताने क्रियापदांबद्दलही लिहितो, कारण इंटरनेटवरच्या कृती वाचताना मला त्यांचाच अधिक त्रास होतो. दूध ‘बनवत’ नाहीत, ‘काढतात’. गाईचेही काढतात, नारळाचेही काढतात, मग बदामानेच काय केले? पाणी घालून करतात ते ‘वाटणे’, कोरडे करतात ते ‘दळणे’. ‘दाणे पाण्याबरोबर दळा’ हे वाक्य कानाला खडा लागल्यासारखे लागते. ‘वस्त्रगाळ’ हा शब्द चूर्णासाठी आहे, पातळ पदार्थ ‘फडक्यातून गाळून घ्यावा’. शेंगेचे ‘टरफल’ आणि दाण्यावरचे लालसर ‘फोलपट’ या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि शाळेतल्या टिळकांच्या गोष्टीतली टरफले ज्याला आठवतात त्याने तरी ही गल्लत करू नये. ‘धारोष्ण’ या शब्दाचा मोह एका कृतीत झालेला पाहिला. तो धारेच्या उबेचा शब्द आहे, मिक्सरच्या भांड्याच्या उबेला लावू नये. आणि फडक्यात उरतो तो ‘चोथा’. त्याला कोणी ‘ढेप’ किंवा ‘पेंड’ म्हणू नये: ढेप घाण्यावर तेल निघून गेल्यावर उरते आणि गोठ्यात जाते, चोथ्यात मात्र तेल बरेच शिल्लक असते. तो लसूण, तिखट घालून परतला तर चटणी होते, आणि भाकरीच्या पिठात मळला तर भाकरी मऊ राहते.

प्रतिसाद (नंदुरबार)

विक्रीचा विचार असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२१ साली ऑनलाइन विक्रेत्यांना सूचना दिल्या, की वनस्पतिजन्य पेये ‘दूध’ किंवा दुग्धपदार्थांच्या नावाने विकू नयेत. युरोपीय महासंघाच्या न्यायालयानेही जून २०१७ मध्ये असाच निर्णय दिला, मात्र तेथे नारळाच्या दुधासारख्या रूढ नावांना सूट आहे. तेव्हा घरातली कृती आणि बोलणे यांत ‘शेंगदाण्याचे दूध’ खुशाल लिहावे. बचत गटाने बाटली विकायला काढली, तर लेबलावर ‘शेंगदाणा पेय’ लिहावे लागेल.

मूळ प्रश्नकर्ती (भुसावळ)

विकायचे नाही, मैत्रिणींना द्यायचे आहे. सर्वांच्या सूचना घेऊन लिहिलेला मजकूर येथे देते, चूक दिसली तर सांगावी.

“शेंगदाण्याचे दूध. एक वाटी कच्चे शेंगदाणे निवडून घ्यावेत. बुरशी धरलेला, काळा पडलेला किंवा कडू दाणा टाकून द्यावा, कारण बुरशीचे विष उकळल्यानेही जात नाही. दाणे आठ तास भिजत घालावेत. ते पाणी ओतून द्यावे, दाणे हातांनी चोळून फोलपटे काढावीत. चार वाट्या पाणी थोडे थोडे घालत अगदी बारीक वाटावेत. मलमलीच्या ओल्या फडक्यातून गाळून, फडके पिळून दूध काढावे. जाड बुडाच्या पातेल्यात सतत ढवळत उकळी आणावी, फेस वर येतो म्हणून पातेले अर्धेच भरावे, आणि मंद आचेवर आणखी दहा मिनिटे ठेवावे, म्हणजे कच्चा वास जातो. गार झाल्यावर फ्रीजमध्ये ठेवून दोनतीन दिवसांत संपवावे. आपल्याकडच्या मे महिन्यात बाहेर ठेवले तर दुपारपर्यंतही टिकत नाही. बदामाचे दूध असेच काढावे, ते उकळावे लागत नाही. ज्यांना शेंगदाण्याची किंवा बदामाची ॲलर्जी आहे त्यांना ते देऊ नये. ठेवलेले दूध फाटले तर हलवून घ्यावे.”

प्रतिसाद (जळगाव)

उत्तम उतरले आहे. एकच दुरुस्ती, शेवटच्या ओळीत. ‘फाटले’ हा शब्द काढावा. दूध फाटते तेव्हा त्याचा चोथापाणी होतो आणि ते हलवून पुन्हा जुळत नाही. आपल्या दुधाने नुसता थर धरलेला असतो. आमच्याच घरी वहिनींनी पहिल्यांदा काढलेले लिटरभर बदामाचे दूध सकाळी दोन थरांत पाहून ‘फाटले’ असे कोणी म्हणाले आणि ते चांगले दूध मोरीत गेले. आंबूस वास आला तर ते ‘नासले’, मग मात्र टाकावे. तेव्हा असे लिहावे: “ठेवलेल्या दुधाने थर धरला, तर बाटली हलवून घ्यावी, आंबूस वास आला, तर दूध नासले असे समजून टाकून द्यावे.”