मदत हवी आहे: सिलिंडरखालचा काटा दुपारी गॅस वाढवून दाखवतो

आर्वीचा_पोरगा
आई गावी एकटी. गॅसची गाडी आठवड्यातून एकदाच येते, ती चुकली की आई परत चुलीवर, आणि तिला दमा आहे. म्हणून सिलिंडरखाली वजनाचे सेन्सर लावले, आकडा पुण्यात माझ्या फोनवर येतो. पण दुपारी गॅस अर्धा किलो वाढतो, रात्री परत उतरतो! कोड बरोबर आहे. पुढच्या गाडीच्या आत हवंय, लवकर सांगा.

खडू_फळा
सेन्सर कोणते, किती, कशावर बसवले? बोर्ड कुठला? वीज कुठून? एवढ्यावर कोण काय सांगणार?

वऱ्हाडी_गडी
भाऊ, कायले एवढा खटाटोप? ओलं फडकं फिरवा सिलिंडरवरून, गॅस आहे तेथवरची ओल उशिरा सुकते. माही माय हेच करते. नाहीतर दुसरं सिलिंडर घेऊन ठेवा.

आर्वीचा_पोरगा
दुसरं आहेच. पण पहिलं संपलं हे आई सांगत नाही, दुसरंही संपतं तेव्हा कळतं.
५० किलोवाले चार सेन्सर, प्लायवूडवर चिकटवले. सेन्सरचा आकडा वाचायला एचएक्स७११ मॉड्यूल, तो वायफायने पाठवायला ईएसपी८२६६ बोर्ड, विजेला मोबाइलचा चार्जर. जुन्या फोनचा हॉटस्पॉट. वर टिना आहेत.

विहीरवाला
लोरा, म्हणजे लांब पल्ल्याचा रेडिओ, लावा. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झला परवाना लागत नाही. माझ्या विहिरीवरून घरापर्यंत आकडा व्यवस्थित येतो.

खडू_फळा
एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला लोरा? पुण्याला पोचवायला इंटरनेट लागणारच ना?

विहीरवाला
अन् लाइन गेल्यावर हॉटस्पॉट किती वेळ टिकतो तेही सांगा की.

निंबाची_सावली
आईंची ई-केवायसी झाली का? आमच्याकडे तिच्यावाचून सगळं अडलं होतं.

खडू_फळा
'चिकटवले' म्हणजे कसे? त्या सेन्सरची कड टेकलेली आणि मधली जीभ मोकळी लागते, ती वाकते तेव्हाच वजन कळतं. खाली पोकळी ठेवली का? टिनांखालच्या उन्हानेही आकडा सरकतो. सिलिंडर बाजूला घ्या, २० लिटरचा कॅन पाण्याने भरून ठेवा, पहाटे आणि दुपारी आकडा बघा. कॅनही जड झाला तर गॅसचा संबंध नाही. तसंही पहाटे, शेगडी पेटायच्या आधी, एकदाच वजन घेतलं तरी पुरतं.

शेगडी_दुरुस्ती
बोर्ड आणि चार्जर जमिनीवर आहेत का, ते आधी सांगा! गळालेला गॅस हवेपेक्षा जड, खालीच साचतो. दोन्ही उंचावर घ्या, सिलिंडरपासून लांब. आणि रिकामं वजन प्रत्येक सिलिंडरचं वेगळं असतं, वरच्या पट्टीवर लिहिलेलं. बदललं की नवा आकडा टाकायचा, नाहीतर १४.२ किलोचा हिशोब जुळणार नाही.

विहीरवाला
एचएक्स७११ सेन्सरजवळच हवा, वायर लांबली की आकडे नाचतात.

शेगडी_दुरुस्ती
शील्डवाली मीटरभर वायर चालते. चार्जर खाली ठेवायचा सल्ला कृपया देऊ नका.

आर्वीचा_पोरगा
शेजारच्या पोराकडून चार्जर-बोर्ड खिडकीत घेतले, कॅन ठेवला. पहाटेपेक्षा दुपारी ३४० ग्रॅम जास्त. खाली पोकळी नाही, एपॉक्सीने पूर्ण चिकटवलेत. उचकटू कसे?

खडू_फळा
एपॉक्सी आधी का नाही सांगितलं? उचकटू नका, पट्टी वाकली की सेन्सर गेला. चार नवे घ्या. या वेळी फक्त कड टेकेल असा खाचा कोरून बसवा आणि तोच कॅन परत ठेवून बघा.