वाहन सर्व्हेच्या कामासाठी आयफोन 15 घ्यावा की गॅलक्सी एस24?

पंचनामा_अकोला

नमस्कार. मी अकोला जिल्ह्यात अपघातग्रस्त वाहनांच्या विमा दाव्यांसाठी सर्व्हेअर म्हणून काम करतो. दिवसातला बराच वेळ गॅरेजच्या आवारात किंवा रस्त्याच्या कडेला उन्हात जातो. एकेका गाडीचे पंचवीस-तीस फोटो काढावे लागतात, आणि त्यांत ओडोमीटरचा आकडा व चेसिसवर ठोकलेला क्रमांक स्पष्ट वाचता आला नाही, तर दावा परत येतो.

सध्याचा फोन आता दम टाकू लागला आहे. आयफोन 15 आणि सॅमसंगचा गॅलक्सी एस24 हे दोन्ही बाजारात आले तेव्हापेक्षा बरेच स्वस्त झाल्यामुळे त्यांपैकी एक घेऊन तो निदान पाच वर्षे वापरावा, असा विचार आहे. कागदावर पाहिले, तर एस24 मध्ये 8 जीबी रॅम (चालू ॲप्ससाठीची तात्पुरती मेमरी), 120 हर्ट्झचा (सेकंदाला 120 वेळा चित्र बदलणारा) पडदा आणि मागे तीन कॅमेरे आहेत. आयफोन 15 मध्ये 6 जीबी, 60 हर्ट्झ आणि दोनच कॅमेरे. एवढ्यावर निकाल लागत असेल, तर विचारण्यासारखे काही उरत नाही. पण माझे दोन सहकारी आयफोन 15 वापरतात आणि तो बदलण्याचे नावही काढत नाहीत. मी गेम खेळत नाही. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

सोल्डर_गन

आपण दिलेल्या तीन आकड्यांना एकाच काट्यावर तोलता येणार नाही. पडद्याचा फरक डोळ्यांना सरळ दिसतो: 120 हर्ट्झवर यादी वरखाली सरकवताना अक्षरे स्थिर वाटतात आणि त्याची एकदा सवय झाली, की 60 हर्ट्झ खटकू लागतो. आपल्या फोटोंशी मात्र त्याचा काहीही संबंध नाही.

रॅमचे गणित वेगळे आहे. आयफोनच्या आयओएस प्रणालीत ॲप मागे गेले, की ते थोड्याच वेळात गोठवले जाते आणि गरज पडताच त्याची मेमरी काढून घेतली जाते. अँड्रॉइडवरील ॲप्सना मात्र नको असलेला डेटा वेळोवेळी झाडून काढणाऱ्या यंत्रणेसाठी मोकळी मेमरी हाताशी लागते. म्हणून आयफोनचे 6 जीबी आणि सॅमसंगचे 8 जीबी यांतून कोण किती वेगवान, हे ठरत नाही. ज्या ठिकाणी ही कमतरता खरोखर भोवली, ते ठिकाण म्हणजे ‘ॲपल इंटेलिजन्स’, ॲपलची कृत्रिम बुद्धिमत्तेची सोय: 8 जीबी असलेल्या आयफोन 15 प्रोला ती सोय मिळाली आणि त्याच दिवशी जाहीर झालेला साधा आयफोन 15 त्यातून वगळला गेला.

चिपबाबत एक सावधगिरी बाळगावी. आयफोन 15 मध्ये जगभर एकच ए16 बायोनिक चिप आहे, जी त्याआधी 14 प्रोमध्ये होती. एस24 चे तसे नाही. अमेरिकेत तो स्नॅपड्रॅगन 8 जेन 3 घेऊन आला, तर जानेवारी 2024 मध्ये भारतात आला तेव्हा त्यात सॅमसंगची स्वतःची एक्झिनोस 2400 होती. त्यामुळे अमेरिकन यूट्यूबरने बॅटरी आणि तापण्याबद्दल दिलेला निर्वाळा आपल्याला जसाच्या तसा लागू होईलच असे नाही. घेताना नेमकी चिप कोणती, हे दुकानदाराला अवश्य विचारावे.

बॅटरीचे जाहीर आकडे, म्हणजे आयफोनचे 20 तास आणि एस24 चे 29 तास, हे घरात बसून व्हिडिओ पाहण्याचे आहेत. उन्हात जीपीएस आणि कॅमेरा चालू ठेवून कोणता फोन किती टिकेल, याचा अंदाज त्यांवरून बांधू नये.

मागचा_बंपर

मी याच व्यवसायात आहे, चंद्रपूरकडे काम करतो आणि आयफोन 15 वापरतो. त्यामुळे आधी त्याच्या कुरापती सांगतो.

पहिली गोष्ट उन्हाची. ॲपलने या फोनसाठी सभोवतालचे तापमान 0 ते 35 अंश असावे असे सांगितले आहे, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 वर जातो. फोन तापला, की पडदा आपोआप मंद होतो, चार्जिंग थांबते आणि कॅमेऱ्याचा फ्लॅशही बंद होतो. बोनेट उघडून खालच्या अंधारातला क्रमांक टिपायच्या वेळी नेमका फ्लॅश नसणे म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. कागदावर आयफोनच्या पडद्याची उन्हातली कमाल प्रखरता 2000 निट्स (निट हे प्रखरतेचे एकक) आणि एस24 ची 2600 निट्स आहे, पण ती फोन थंड असेपर्यंतच. तापलेला एस24 सुद्धा मवाळच होतो, हे सहकाऱ्याच्या हातात पाहिले आहे. मी फोन डॅशबोर्डवर कधीच ठेवत नाही. जेवणाच्या डब्याच्या पिशवीत ठेवतो.

दुसरी गोष्ट फाइलची. आयफोन मूळ सेटिंगमध्ये फोटो हाइक (HEIC) या कमी जागा घेणाऱ्या फाइल प्रकारात साठवतो, आणि ज्या पोर्टलवर आम्ही फोटो चढवतो त्याला जेपीजीशिवाय काही चालत नाही. सुरुवातीला एका ट्रकचे सगळे फोटो नाकारले गेले आणि दोष माझाच ठरला. सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात फॉरमॅट्स आणि तिथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडले, की हा प्रश्न मिटतो. एस24 मध्ये सुरुवातीपासून जेपीजीच असते.

तरीही मी आयफोन सोडलेला नाही, याचे कारण चेसिस नंबर. धूळ आणि ग्रीस पुसून, बाजूने टॉर्च तिरपा धरून, दोनपट झूमवर फोटो काढला, की अंक उठून दिसतात. ही दोनपट म्हणजे 48 मेगापिक्सेलच्या सेन्सरचा मधला 12 मेगापिक्सेलचा भाग असतो. लहान चित्र ताणून मोठे केलेले नसते. याउलट जवळ जाऊन फोन क्रमांकाला टेकवण्याच्या बेतात आणला, तर चित्र धूसर येते, कारण मॅक्रोची सोय या मॉडेलमध्ये नाही.

पंचनामा_अकोला

दोघांचेही आभार. हाइकचे मला ठाऊकच नव्हते. मग तीनपट झूमची वेगळी लेन्स असलेला एस24 या कामात सरसच ठरायला हवा ना? शिवाय माझ्याकडे दोन क्रमांक आहेत, आणि मेव्हणा अमेरिकेहून आयफोन आणतो म्हणतो.

सोल्डर_गन

अंतर चार-पाच फूट असेल आणि उजेड भरपूर असेल, तर होय. एस24 चा 10 मेगापिक्सेलचा टेलिफोटो कॅमेरा, म्हणजे तीच तीनपट झूमची लेन्स, आयफोन 15 ला जमणार नाही असे काम करतो. उदाहरणार्थ, गाडी खड्ड्यात असताना काठावरून तिची नंबरप्लेट टिपणे. मात्र वस्तू फार जवळ असेल किंवा उजेड कमी असेल, तर पडद्यावर तीनपट दिसत असूनही फोन गुपचूप मुख्य कॅमेऱ्याचेच चित्र कापून दाखवतो. दुकानात हे तपासता येते. तीनपट झूम ठेवून टेलिफोटोच्या लेन्सवर बोट ठेवावे; चित्र तसेच राहिले, तर ती लेन्स त्या क्षणी कामावरच नाही असे समजावे.

आपल्या कामात आणखी एक बाब मला मोलाची वाटते. एस24 मध्ये झूम 30 पटींपर्यंत जातो, आणि त्या टोकाला सॉफ्टवेअर कडा ओढून, डाग पुसून चित्र सुबक करते. कौटुंबिक फोटोत ते खपते. पण अर्धवट पुसला गेलेला 8 हा 3 सारखा रेखीव दिसू लागला, तर पुरावा म्हणून त्या फोटोला काय अर्थ? क्रमांकाचे फोटो तीनपटीच्या पुढे नेऊ नयेत आणि सीन ऑप्टिमायझर (दृश्य ओळखून फोटो आपोआप सुधारणारी सोय) बंद ठेवावा. आयफोनही कडा धारदार करतोच, फक्त डिजिटल झूम दहापटीला थांबत असल्याने मोह कमी होतो.

पाच वर्षांच्या दृष्टीने सॅमसंगने एस24 ला सात वर्षे अद्यतने देण्याचे लेखी सांगितले आहे, म्हणजे 2031 पर्यंत. ॲपल असा लांबचा वायदा करत नाही. पण 2018 च्या आयफोन एक्सएसला 2024 चे आयओएस 18 मिळाले होते, यावरून त्यांची रीत कळते. या मुद्द्यावर मी कोणालाच झुकते माप देणार नाही.

आता मेव्हण्यांचे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन 15 मध्ये सिमकार्डाचा ट्रेच नसतो, सगळा कारभार ई-सिमवर, म्हणजे फोनमध्येच असलेल्या, काढता न येणाऱ्या सिमवर चालतो. भारतीय आयफोन 15 मध्ये एक नॅनो सिम आणि ई-सिम चालते, तर भारतीय एस24 मध्ये दोन नॅनो सिम बसतात. फोन बिघडला, की ग्रामीण भागात सिम काढून साध्या फोनमध्ये घालण्याची वेळ आपल्यावर येत असेल, तर अमेरिकेचा फोन घेऊ नये. माझे मत विचाराल, तर आपल्या कामासाठी मी एस24 घेईन आणि वाचलेल्या पैशांत एक चांगला हातटॉर्च घेईन.

मागचा_बंपर

टॉर्चला माझेही अनुमोदन. चुंबकाचा मिळतो, बोनेटला चिकटतो.