रान तोडून काजू लावला, आता माती फिकी पडली. युरिया वाढवू का?

दोडामार्गकडच्या उतारावरचं ऐन-किंजळीचं रान चार वर्षांपूर्वी तोडलं. जेसीबीने मुळं काढली, पाला जाळला. पहिल्या वर्षी काजूच्या मधली नाचणी काळीभोर हिरवी; यंदा पिवळी. माती तपासणीत सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून मातीत साठलेला) ०.६ टक्के, बांधापलीकडच्या राखलेल्या रानात १.९. पोटात कालवतं हो ते आकडे बघून.

उत्तर १: दादा, युरिया नुसता ओतू नका. पहिलं पीक रानाने साठवलेल्या नत्रावर, म्हणजे नायट्रोजनवर आलं. सावली गेली, माती तापली, उकरली, की जिवाणू कर्ब भराभर संपवतात. त्यातून सुटलेल्या नत्राचं नायट्रेट होतं. ते मातीला धरून राहत नाही, आपल्या ३,००० मिलिमीटर पावसात निघून जातं. युरियाचंही तेच होईल.

प्रश्नकर्ता: मग पाला जाळणं चुकलं?

उत्तर १: हो. राखेत पालाश (पोटॅश), चुना उरतो. पाल्यातलं नत्र बहुतेक धुरात गेलं.

उत्तर २: भाऊ, आम्ही समपातळीत चर काढून बांधावर गिरिपुष्प, म्हणजे भरपूर नत्र असलेल्या पाल्याचं ग्लिरिसिडियाचं झाड लावलं. त्याचा कोवळा पाला काजूच्या पाल्यात मिसळून खोडाशी घालतो. नुसता काजूचा पाला कुजताना मातीतलंच नत्र ओढतो. तिसऱ्या पावसाळ्यात पाला सारला, तर खाली गांडुळांची बारीक ढेकळं, बोटांना काळी माती.

प्रश्नकर्ता: ताई, गिरिपुष्पाचे फाटे लावायला किती जाडीचे घेऊ?

उत्तर २: अंगठ्याएवढे. पाऊस सुरू झाला की लगेच.