तासा-दीड तासाचं परदेश: निघालो ते विमानतळ, उतरलो ते विमानतळ

दारची जुई
काल बाबांचं कपाट आवरताना २०१३चा बोर्डिंग पास सापडला. दिल्ली ते काठमांडू. छापलेलं सगळं उडालंय, पण मागे बाबांचं अक्षर शाबूत आहे: "आपले ९.४०, त्यांचे ९.५५". नेपाळचं घड्याळ आपल्या पंधरा मिनिटं पुढे. रात्री झोपच लागली नाही, म्हणून लिहितेय.

बाबा एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाल्यावर पशुपतिनाथाला जायचं, एवढंच मनात होतं. त्यांचं पहिलंच विमान. दिल्लीचं टर्मिनल ३ तेव्हा नवं, २०१०ला सुरू झालेलं. सरकत्या पट्ट्यावर बाबा चढले नाहीत, माझ्या बाजूने भराभर चालत राहिले. तिथे ७८ एरोब्रिज आहेत, त्यातल्याच एका बोळातून थेट सीटवर. बाहेरून विमान नीट बघायलाच मिळालं नाही त्यांना.

काठमांडूला एरोब्रिज नाहीतच. शिडी उतरलो ती जमिनीवर. गार वारं, चहूकडे डोंगर, समोर लाल विटांची बुटकी इमारत. बाबा शिडीपाशी थांबले, मागे वळले आणि नाकापासून शेपटीपर्यंत विमान डोळे भरून पाहिलं. मग टर्मिनलपर्यंत न्यायला बस आली. बसचा दांडा हातात आला आणि दिल्लीपासून आवळलेला त्यांचा चेहरा सैल झाला. शेजारच्या नेपाळी आजोबांनी सांगितलं, या जागेचं जुनं नाव गौचर, १९५५ला राजा त्रिभुवनचं नाव दिलं. बाबा लगेच म्हणाले, "म्हणजे आपलं गायरान!" पुढचे तीन दिवस ते विमानतळाला गायरानच म्हणत होते.

५००च्या नोटा तेव्हा नेता येत नव्हत्या. आम्ही सगळ्या शंभराच्या नेल्या. आपल्या शंभराचे नेपाळी एकशे साठ, हा हिशेब बाबा दुकानदाराच्या आधी सांगायचे.

तुम्हीही लिहा. असं जवळचंच परदेश, पण दोन टोकांना दोन वेगळी जगं.

रानवाट
कोलकाता ते भूतानमधलं पारो. सकाळचं विमान होतं. पारोला उजेडातच उतरवतात, दरी अरुंद आहे आणि धावपट्टी डोंगर वळून गेल्याशिवाय दिसत नाही. तिथे विमान उतरवायला पायलटला वेगळी परवानगी लागते. शेवटच्या वळणाला पंखाच्या टोकाशी घरं होती. खिडक्यांच्या लाकडी चौकटी मोजता आल्या असत्या. बायकोने माझं मनगट असं धरलं होतं की वळ उठले.
आणि उतरल्यावर शांतता. कोलकात्याला तीन तास नुसत्या घोषणा ऐकलेल्या. इथे इंजिन बंद झालं आणि नदीचा आवाज आला. सगळे प्रवासी धावपट्टीजवळच फोटो काढत उभे, कुणी हाकलत नव्हतं. नक्षीदार लाकडाचं टर्मिनल, मठच वाटतो. बाकी नंतर, मीटिंग आहे.

पाटीपेन्सिल
जुईताई, बसचा दांडा वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझे वडील ड्रायव्हर होते, एसटीतच. कुठला डेपो?

दारची जुई
नाशिक. नंतर मनमाड.

पाटीपेन्सिल
आमचे येवल्याला! नक्की ओळखत असतील एकमेकांना. तुम्हाला वेगळा मेसेज करते.

कुंपणावरची चिमणी
काठमांडूला जाताना खिडकी कुठल्या बाजूची घ्यायची? पुढच्या महिन्यात आईला नेतेय. आधार चालतं का?

रानवाट
जाताना डावीकडची, येताना उजवीकडची. हिमालय उत्तरेला. आभाळ मोकळं असेल तर शेवटचा अर्धा तास नजर काढू नका.
आधार फक्त १५च्या आतल्यांना आणि ६५च्या वरच्यांना. बाकीच्यांना पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र.

कुंपणावरची चिमणी
आई ६८. तिचं जमलं. माझा पासपोर्ट शोधते आता 🙏

ओली माती
तिरुवनंतपुरम ते मालदीवचं माले, जेमतेम तासभर. विमानतळ म्हणजे एक आख्खं बेट. खिडकीतून शेवटपर्यंत पाणीच, मला वाटलं पाण्यातच टेकतोय. बाहेर आलो तर जिथे रिक्षा हव्यात तिथे होड्या. लेक चार वर्षांची, ती म्हणाली "आई, रस्ता कुठे गेला?"
एक सांगून ठेवते: मालदीवला देवाच्या मूर्ती नेता येत नाहीत. सासूबाईंच्या पर्समध्ये कायम छोटा गणपती असतो. जाऊबाईंनी वेळेवर सांगितलं म्हणून तो घरीच ठेवला. सासूबाई चार दिवस पर्स चाचपत होत्या. फार वाईट वाटलं मला.

पाटीपेन्सिल
उतरताना बाळाचे कान दुखले का? आमचा दीड वर्षाचा फार रडतो.

ओली माती
उतरायला लागलं की पाजायचं नाहीतर बाटली द्यायची. गिळलं की कान मोकळे होतात. आणि विमान टेकायच्या पंचवीस-तीस मिनिटं आधीच सुरू करायचं. रडायला लागल्यावर तो पिणारच नाही.

खारीचा वाटा
चेन्नई ते श्रीलंकेतलं जाफना. २०१९ला सुरू झालं, कोविडमध्ये बंद, मग २०२२च्या डिसेंबरात परत. पंख्याचं छोटं विमान. पलाली विमानतळावर उतरलो तर ताडाची झाडं आणि एक लहानशी इमारत. माझ्या शेजारच्या आजी लग्नाच्या साड्या घेऊन चालल्या होत्या, मांडीवर पिशवी, सीटखाली ठेवायला तयारच नाहीत. तिथल्या यादवी युद्धाच्या आधी घर सोडलं होतं म्हणाल्या. चेन्नईला अडीच तास शेजारी बसून एक शब्द बोलल्या नव्हत्या. उतरल्यावर मला प्रत्येक झाडाचं नाव सांगत होत्या. माझं तमिळ मोडकं, निम्मंच कळलं. कुकर झाला, येते.

रानवाट
जुईताई, एक राहिलं. तो पास लॅमिनेट करू नका. तो थर्मल कागद असतो, गरम झाला की काळा पडतो. आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि सावलीत साध्या पाकिटात ठेवा.

दारची जुई
अहो, दुपारी तेच करायला निघाले होते! पिशवीतून बाहेर काढला. आत्ताच फोटो काढते.