कॉमेट लाइन म्हणे आतबट्ट्याचा व्यवहार!

रेवा: कॉमेट लाइन म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या मुलखात अडकलेल्या दोस्त वैमानिकांना लपवून स्पेनमार्गे सोडवणारं गुप्त जाळं. त्याबद्दल काल कुणीतरी लिहिलं, "वैमानिक सोडवण्यात माणसं घालवली, त्यांनाच हेरगिरीला लावायचं." वाचून डोकंच फिरलं. ऑगस्ट १९४१ मध्ये चोवीस वर्षांची आंद्रे द योंग एक ब्रिटिश सैनिक आणि दोन बेल्जियन घेऊन फ्रान्स-स्पेन सीमेवरचे पिरेनीज डोंगर ओलांडून स्पेनमधल्या बिल्बाओच्या ब्रिटिश वकिलातीत जाऊन उभी राहिली. साहेबांना आधी ती जर्मनांचीच हस्तक वाटली! पुढे तिच्या जाळ्याने सुमारे ८०० जणांना मदत केली. तयार वैमानिक काय झाडाला लागतात?

खडूस: ते लिहिणारा मीच. तिच्या वडिलांना १९४४ मध्ये गोळ्या घातल्या, ती स्वतः राफेन्सब्रुकच्या छळछावणीत. पाहुणा परत विमानात, आसरा देणारा घरमालक गोळ्या खायला भिंतीपाशी. हा हिशेब तुम्ही मांडा. त्यापेक्षा ब्रिटिशांची हेर नूर इनायत खान बघा, पॅरिसमधून एकटी लंडनला बिनतारी संदेश पाठवत होती.

बिनतारी: आणि पाठवलेले संदेश वहीत जपून ठेवत होती! वही आणि संच जर्मनांच्या हाती लागले, मग तेच तिच्या नावाने लंडनच्या हेरखात्याशी बोलत बसले. मी वीस वर्षं हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला आहे. मोर्सच्या टिंब-रेघांत प्रत्येकाचा हात, म्हणजे वाजवायची लकब, वेगळा. माझ्या गुरुजींचा 'डा', म्हणजे रेघ, किंचित लांबायचा, हजारांत ओळखला असता. लंडनमध्ये काय झोपले होते?

निशाचर: हॉलंडमध्ये तर जर्मनांनी पकडलेल्या लंडनच्या बिनतारी हेराने संदेशातली ठरलेली खूण मुद्दाम गाळली, तरी लंडन ढिम्म. पन्नासच्या वर हेर जर्मनांना आयते सापडले. खडूसभाऊ, ही तुमची फायद्याची हेरगिरी! आणि बिनतारी, नूरला परत बोलावलं होतं, ती थांबली. दाखाऊच्या छळछावणीत मारलं तरी तोंड उघडलं नाही. खुर्चीत बसून वहीवरून अक्कल काढू नका.

बिनतारी: अक्कल कुणाची काढली? चूक ती चूक. शौर्याने वही कोरी होत नाही.

रेवा: अहो, धागा कॉमेटचा आहे! मी एकदा ट्रेकला डिसेंबरातल्या रात्री कमरेएवढ्या पाण्यातून नदी ओलांडली. दोर होता, तरी पलीकडे बुटाची नाडी सुटेना, बोटांचं लाकूड झालेलं. फ्लोरेंतिनो हा बास्क तस्कर परक्या पोरांना घेऊन अंधारात सीमेवरची बिदासोआ नदी ओलांडायचा, वर पहारेकऱ्यांच्या गोळ्या. त्याला आतबट्टा विचारा.

खडूस: तुमच्या नाडीपुढे माझा हिशेब काय टिकणार! बरं, वैमानिक परत उडाले हे मान्य. घरमालकांचं उत्तर अजून आलं नाही.

निशाचर: ते घरमालक तुम्हाला विचारून दार उघडत नव्हते.

बिनतारी: लंडनला हात कसा ओळखू आला नाही, ते राहिलंच.