‘ब्रोकन अर्थ’: डोक्यावर घ्यावी अशी, की नुसता गाजावाजा?

तापीकाठ (धागाकर्ता)
अमेरिकन लेखिका एन. के. जेमिसिन यांची ही कादंबरी-त्रयी एकदाची संपवली. 2016, 2017, 2018 असं लागोपाठ तिन्ही भागांना ह्यूगो (विज्ञानकथा-अद्भुतकथांचं मोठं पारितोषिक) मिळालं. त्याआधी कुणाला असं जमलेलं नव्हतं. (पुढे कथानक फुटणार आहे, ज्यांना वाचायचंय त्यांनी इथूनच वळावं.)

दर काही शतकांनी जमीन उलथते, राखेनं सूर्य झाकला जातो आणि वर्षानुवर्षं पीक नाही; या काळाला तिथे ‘सीझन’ म्हणतात. भूकंप थोपवू शकतात ते फक्त ‘ओरोजीन’, आणि लोक त्यांनाच ठेचून मारतात. सुरुवात तर जबरदस्त. नायिका एसुनच्या लहानग्यात ती शक्ती आहे हे कळताच बापानंच त्याला मारलंय. तिकडे उत्तरेत जमीन फाटलीय आणि ही बाई दोन दिवस पोराच्या मढ्याजवळ बसून आहे. जगबुडी तिच्या हिशेबातच नाही. असं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

पण मूळ रूपकच फसलंय. ओरोजीन म्हणजे पिढ्यान्पिढ्या दडपलेली माणसं, हे उघड आहे. आपल्या खऱ्या जगात दडपलेल्यांबद्दलची भीती खोटी, रचलेली असते. इथे मात्र ओरोजीन बिथरला की भोवतालची ऊब ओढून घेतो आणि जवळची माणसं जागीच गोठून मरतात. मग गाव घाबरलं तर त्याचं चुकलं काय? लेखिकेनं अत्याचार करणाऱ्यांचंच वकीलपत्र घेतल्यासारखं झालंय.

पांझराकर
साफ असहमत. 1825 मध्ये जेम्स आउट्रमनं खान्देश भिल्ल पलटण उभी केली, ठाणं धरणगावला. डोंगरातल्या भिल्लांचा इंग्रजांना धाक होता आणि तो खोटा नव्हता. म्हणून त्यांनी काय केलं? ती ताकद पगारावर घेतली आणि भिल्लांचा बंदोबस्त करायला भिल्लच उभे केले. कादंबरीतली ‘फल्क्रम’ ही ओरोजीनांना ताब्यात ठेवणारी संस्था हेच करते. पोरांना उचलायचं, शिकवायचं, बोटांत दर्जाच्या अंगठ्या घालायच्या आणि कामाला जुंपायचं. जो आवरत नाही त्याची जाणीव मारून, खुर्चीला जखडून त्याच्याकडून भूकंप थोपवून घ्यायचे. तो खुर्चीतला पोरगा वाचल्यावर ‘गावाचं काय चुकलं’ हा प्रश्न सुचतोच कसा?

सातपुडा_पायथा
पलटणीचा दाखला तुमच्यावरच उलटतोय भाऊ. तिरकमठा शिकून येतो, पोटातून येत नाही. ‘अमुक जमात जन्मानंच गुन्हेगार’ हे सरकारनं 1871 च्या कायद्यात लिहिलेलं धादांत खोटं होतं. कादंबरीत मात्र जन्मानं धोकादायक असणं खरंच आहे. तापीकाठ यांचा मुद्दा तोच आहे.

केळीबाग
भो, कसाले इतलं ताणतस? आमच्या रावेरात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे सरकतो. ऊब ओढून घेणारा एखादा ओरोजीन सापडला तर मी त्याला घरजावई करून घेईन.

खरी तक्रार वेगळीच. निम्मं पुस्तक ‘तू चाललीस, तू थांबलीस’ असं. कोण कुणाला सांगतंय हे पुढे कळतं, पण तोवर दम निघतो. दुसरा भाग तर कॅस्ट्रिमा नावाच्या जमिनीखालच्या गावात जाऊन बसतो तो उठतच नाही. तिसऱ्यात चंद्र, प्राचीन यंत्रं, जमिनीतली जादू, सगळ्याचा खुलासा. इतकं समजावून सांगितल्यावर भीती उरते कुठे?

पांझराकर
दुसऱ्या भागाबद्दल मान्य. बाकी नाही.

भुसावळ_यार्ड
मला खटकलं ते तिसरंच. तिथे सीझन जाहीर झाला की कोठारं बंद, वेशी बंद, आणि ज्याचा ‘उपयोग’ नाही तो बाहेर राखेत. उपयोगही जन्मावर ठरलेला, म्हणजे जातच. टंचाईत माणूस असाच वागतो, हे लेखिका गृहीत धरते. आपल्या पांझरा नदीवरची फड पद्धत बघा, फड म्हणजे बंधाऱ्याखालच्या शेतीचा एकेक मोठा पट्टा. बंधाऱ्याचं पाणी कमी पडलं की कुठला फड यंदा कोरडा ठेवायचा ते सगळे बसून ठरवतात. जमिनीही एकेकाच्या अनेक फडांत विखुरलेल्या, त्यामुळे झळ वाटली जाते. पाणी सोडणारा पाटकरी आपल्या मनानं कुणाचं पाणी तोडत नाही.

सातपुडा_पायथा
आणि ज्याची फडात जमीनच नाही तो? 1972 च्या दुष्काळात खडी फोडायला कोण गेलं, सुकडीच्या रांगेत कोण होतं, ते आमच्या म्हाताऱ्यांना विचारा. कोठारात वाटा नसलेला माणूस राखेतच असतो. या बाबतीत जेमिसिन शंभर टक्के बरोबर.

तापीकाठ
हे पटलं. रूपकावर मात्र मी ठाम आहे. पांझराकर, आता एवढंच सांगा. तिसऱ्या भागात नासुन, म्हणजे एसुनची दहाएक वर्षांची पोर, सगळं जगच संपवायला निघते. ती शक्ती तुमच्या गल्लीतल्या पोरीत असती तर तुम्ही तिला शाळेत घेतलं असतं का?

पांझराकर
घेतलं असतं. नाही घेतलं म्हणूनच तर ती तिथवर गेली.